परगावाहून आलेली कडकनाथची २४ अंडी: पेटीत ठेवायच्या आधी सल्ला हवाय

पायरीचा_आंबा (१० जुलै, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचून निघून जाणारा माणूस, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आम्ही देवरूखजवळ राहतो. घरी सात-आठ गावठी कोंबड्या आहेत, त्या आपापलं बघतात. पण लेकीने कुठेतरी काळाकुट्ट कडकनाथ कोंबडा बघितला आणि हट्ट धरला. झाबुआकडच्या एका पाळणाऱ्याकडून अंडी मागवली. २४ चे पैसे दिले, त्याने २ वर घातली. तिथून इंदूर, इंदूरहून ट्रॅव्हल्सने मुंबई, मुंबईहून दुसऱ्या ट्रॅव्हल्सने संगमेश्वर. तीन रात्रींचा प्रवास. खोक्याच्या तीन बाजूंना 'अंडी आहेत, सावकाश' असं लिहिलेलं, आणि चौथ्या बाजूला कुणाच्या तरी बुटाचा ठसा.

आत भुसा, प्रत्येक अंडं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दोन फुटली होती, २४ दिसायला धड आहेत. (अंडी काळी नसतात, फिकट बदामीच असतात, हे कळल्यावर लेकीचा अर्धा उत्साह तिथेच गेला.)

अंडी उबवायची पेटी घरीच केलीय. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका दोनदा धुऊन, उन्हं नाहीत म्हणून चुलीपाशी वाळवून घेतला. ४० वॉटचे दोन बल्ब, डब्ल्यू १२०९ थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, एक वाटी पाणी. दोन दिवस रिकामी चालवून बघितली, ३७.५ ला टिकते.

प्रश्न एवढाच: आत्ताच ठेवू का? बायको म्हणते तीन दिवस आधीच गेलेत, आता उशीर नको.

खुराडं (१० जुलै, रात्री १०.०५)

थांबा दादा. आज रात्री काही करू नका.

अंड्याच्या रुंद टोकाला आत दोन पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा. ह्यालाच एअर सेल म्हणतात. पिल्लू शेवटच्या दिवसांत पहिला श्वास तिथलाच घेतं. गाडीच्या हादऱ्यांनी आतला पापुद्रा सुटतो, आणि ती हवा बुडबुड्यासारखी अंडंभर फिरायला लागते. तसंच गरम पेटीत घालून फिरवायला लागलात तर ती जागेवर बसतच नाही.

म्हणून टोकदार बाजू खाली, रुंद बाजू वर, कागदी ट्रेमध्ये उभी करून २४ तास घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. फ्रीज नको, पंख्याचा झोत नको. धुवायची तर अजिबात नाहीत. वरचा नैसर्गिक लेप निघाला की कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फार असेल तर ते अंडं बाजूला काढा.

उद्या संध्याकाळी अंधार करून मोबाईलच्या बॅटरीवर एकेक बघा. मुठीत अंडं धरून रुंद टोकाला बॅटरी टेकवायची. किती जणांचा बुडबुडा हलतो ते मोजून इथे टाका. आणि वहिनींना सांगा, अंडं शिळं होऊन जेवढी मरत नाहीत तेवढी घाईने मरतात. अंडी घालून आठवडा झाला नसेल तर एक दिवस काहीच नाही.

मूक_वाचक (१० जुलै, रात्री १०.२०)

अवांतर आहे, रागावू नका. दुकानातली अंडी अशी पेटीत ठेवली तर पिल्लं येतात का? आमच्या फ्रीजमध्ये डझनभर आहेत.

खुराडं (१० जुलै, रात्री १०.२४)

येत नाहीत. पिंजऱ्यातल्या त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलेला नसतो. ऑम्लेट करा.

वैदर्भी_मिरची (१० जुलै, रात्री ११.१०)

तुम्ही पावसात मागवली हे नशीब समजा. मी अमरावतीला मे महिन्यात ३० मागवली होती. एक सुद्धा निघालं नाही. तेव्हा पाठवणाऱ्याला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि खरी गोष्ट वर्षभराने समजली. अंड्यातला जीव थंडाव्यात झोपलेला असतो. पंचविशीच्या वर तापमान गेलं की त्याची हळूहळू वाढ सुरू होते. बसच्या पोटात ४० अंश, रात्री गोडाऊनमध्ये कमी, सकाळी परत ऊन. असं अर्धवट चालू-बंद झालं की तो मरतो आणि अंडं बाहेरून तसंच छान दिसतं. मी २१ दिवस मेलेली अंडी फिरवत बसले होते. आमच्याकडे होळीनंतर अंडी मागवायची नाहीत हा आता घरचा नियम आहे.

पायरीचा_आंबा (११ जुलै, संध्याकाळी ७.५०)

बघितली. १५ अंड्यांचा एअर सेल जागेवर आहे. ९ चा हलतोय. त्यातल्या दोघांचा तर अंडं कलतं केलं की अख्खा बुडबुडा बाजूला घसरतो, पाणी भरलेल्या बाटलीत दिसतो तसा. हलणाऱ्यांवर पेन्सिलने 'ह' लिहिलंय. टाकून देऊ का ती ९?

खुराडं (११ जुलै, रात्री ८.१५)

टाकू नका. 'ह' वाल्यांतलीही काही निघतात. पण सगळीच अंडी उभी ठेवा, आडवी नाही. पहिले तीन दिवस हलवूच नका. नंतर एकेक अंडं फिरवत बसण्यापेक्षा अख्खा ट्रे एका बाजूने विटेवर टेकवून ४५ अंश कलता करा, काही तासांनी दुसऱ्या बाजूने. दिवसातून निदान तीनदा, जमलं तर पाचदा. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज एकाच कुशीवर जात नाही. न फिरवता ठेवलं तर पिल्लू पापुद्र्याला चिकटतं.

आणि तुमचा तो थर्मोस्टॅट खरं बोलतो हे कशावरून?

थर्मोस्टॅट_पुणे (११ जुलै, रात्री ९.००)

माझं नाव कुणी घेतलं? :)

डब्ल्यू १२०९ एक-दीड अंश सहज खोटं बोलतो. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर काढा. तो नेमका ३५ ते ४२ मध्येच अचूक असायला बनवलेला असतो, आणि आपलं सगळं काम तिथेच आहे. त्याचं टोक सेन्सरशेजारी, अंड्यांच्या उंचीवर ठेवून ताडून बघा. पंखा आहे म्हणजे ३७.५ बरोबर. बिनपंख्याच्या पेटीत वर गरम, खाली गार असा थर पडतो, तिथे अंड्याच्या माथ्याशी ३८.५ च्या आसपास लागतं. कमी-जास्त झालंच तर कमी परवडतं. अर्धा दिवस ३६ वर गेलं तर पिल्लं उशिरा येतील, तासाभर ४१ वर गेलं तर येतीलच याचा भरवसा नाही.

आता पाण्याची वाटी. ती काढा.

हो, काढा. सगळीकडे लिहिलेलं असतं की पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी, म्हणून लोक डोळे मिटून पाणी भरतात. पण आर्द्रता तापमानावर अवलंबून असते. तुमच्याकडे बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आहे असं धरा. तीच हवा पेटीत ३७.५ ला तापली की आतली आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांवर येते. वाटी न ठेवता! वर पाणी घातलंत तर ६५-७० वर जाईल. उलट आमच्याकडे जानेवारीत बाहेर २० अंश आणि ४० टक्के असतं, तीच हवा पेटीत १५ टक्के सुद्धा भरत नाही. तिथे दोन वाट्या लागतात. म्हणून पुण्याच्या माणसाचं ऐकून कोकणात पेटी चालवू नये. (हे मी पुण्यात बसून सांगतोय, नोंद घ्यावी.)

आर्द्रतामापक तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढेच पाण्याचे थेंब टाका, आणि मापकासकट हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. माझा ८३ दाखवत होता.

याहून भरवशाचं म्हणजे वजन. १८ दिवसांत अंड्याचं साधारण ११ ते १३ टक्के वजन पाण्याच्या रूपाने उडून जायला हवं, तरच एअर सेल पुरेसा मोठा होतो. सहा अंडी खुणा करून एकत्र तोला आणि दर आठवड्याला बघा.

माई_मालवण (११ जुलै, रात्री ९.३५)

काटे, पंखे, मीठ... बरां चल्लाहा. मेल्या, सात कोंबड्यो आसत ना तुझ्याकडे, एक खुडूक नाय? तिच्या खाली ठेव नि गप रव. आमची आये डालग्यात पेंढो घालून, एक लोखंडाचो खिळो नि कोळसो ठेवून कोंबडी रवणीक बसवी. गडगडाटान अंडी कुजतत म्हणत. खिळ्याचा माका म्हायत नाय, पण बारा अंड्यांतली धा पिल्लां धावताना मी बघितलंय.

पायरीचा_आंबा (११ जुलै, रात्री ९.५०)

माई, मी सुद्धा तेच म्हणत होतो, पण पावसात एकही खुडूक (अंड्यांवर बसायला तयार) नाही. सगळ्या नुसत्या भिजून बसल्यात. वाटी काढली. तापाच्या थर्मामीटरने थर्मोस्टॅट ०.८ ने चुकीचा निघाला, म्हणजे दोन दिवस मी ३८.३ वर चालवत होतो! दुरुस्त केला. सहा अंड्यांचं वजन २८४ ग्रॅम. आत्ताच २४ ही आत ठेवली. १ ऑगस्टला २१ दिवस होतात.

सिनसिनाटीकर (१२ जुलै, सकाळी ६.३०)

वाचनखूण साठवली. इथे अमेरिकेत एक दिवसाची पिल्लं पोस्टाने येतात, १९१८ पासूनची पद्धत आहे. अंड्यातून निघताना पिल्लाने पिवळा बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय निभतं. पोस्टातून फोन येतो, मागे चिवचिवाट ऐकू येत असतो, आणि बाई म्हणतात लवकर या. अंडीही पोस्टाने येतात. पण विकणारे आधीच सांगतात की पोस्टाने आलेल्या अंड्यांची हमी नाही. निम्मी निघाली तर आम्ही पार्टी करतो. तेव्हा २४ चं गणित मनात धरू नका.

पायरीचा_आंबा (१८ जुलै, रात्री ८.४०)

सातवा दिवस. अंधारात बघितली.

५ कोरी आहेत, आरपार पिवळी, आत काहीच नाही. २ मध्ये लाल कडं दिसतंय, बांगडीसारखं, मध्ये रिकामं. बाकी १७ मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मध्ये एक काळा ठिपका. एकात तो ठिपका हलला. लेक किंचाळली, बॅटरी माझ्या हातातून पडली, अंडं वाचलं.

सहा अंड्यांचं वजन २७४.

खुराडं (१८ जुलै, रात्री ९.०५)

कोरी म्हणजे फळलेलीच नव्हती किंवा पहिल्याच दिवशी गेली. लाल कडं म्हणजे जीव धरला होता आणि मेला, रक्त कडेला सरकलं. सातही आज काढा. कुजून पेटीत फुटलं तर वासाने घर सोडाल, आणि बाकीच्यांनाही लागण.

थर्मोस्टॅट_पुणे (१८ जुलै, रात्री ९.३०)

२८४ चे २७४ म्हणजे साडेतीन टक्के. सातव्या दिवशी साडेचारच्या पुढे हवे होते. पाऊस जोरात आहे ना? पेटीला वर दोन भोकं वाढवा आणि ती खोली कोरडी ठेवा. ओले कपडे त्या खोलीत वाळत घातलेत का?

पायरीचा_आंबा (१८ जुलै, रात्री ९.३२)

... हो. पेटीजवळ उबारा असतो म्हणून बायकोने दोरीच तिथे बांधलीय.

मूक_वाचक (१८ जुलै, रात्री ९.४०)

=)) =))

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी येते, हे खरं का?

खुराडं (१८ जुलै, रात्री ९.४४)

नाही. अंड्याचा आकार आईवर जातो. एक कोंबडी जन्मभर साधारण एकाच आकाराची अंडी घालते, मग तिला काय सगळे कोंबडेच होणार?

पायरीचा_आंबा (२३ जुलै, सकाळी ७.१५)

काल रात्री ११ ला लाईनवर झाड पडलं, लाईट सकाळी ६ ला आली. इन्व्हर्टर नाही. पेटीवर आधी गोधडी, मग घोंगडी टाकली, गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवल्या, त्या दोनदा बदलल्या. पहाटे ५ ला आतलं तापमान ३१. संपलं का सगळं?

खुराडं (२३ जुलै, सकाळी ७.४०)

संपलं नाही. कोंबडीसुद्धा चरायला उठतेच ना! आणि एवढ्या दिवसांचं पिल्लू स्वतःची थोडी ऊब तयार करतं. थोडं उशिरा निघतील इतकंच. फक्त गार झालं म्हणून थर्मोस्टॅट ३९ वर चढवू नका, लोक नेमके तिथेच माती खातात.

पायरीचा_आंबा (२९ जुलै, रात्री ९.१०)

१४ व्या दिवशी आणखी २ गेली होती (एक 'ह', एक साधं). आज १८ वा दिवस. १५ जिवंत, आत सगळं काळं, फक्त एअर सेलची उजळ टोपी. सहा अंड्यांपैकी एकही अजून काढावं लागलेलं नाही, त्यांचं वजन २५४. दोरी हलवल्याचा फायदा दिसतोय.

थर्मोस्टॅट_पुणे (२९ जुलै, रात्री ९.२५)

साडेदहा टक्के. जरा कमी, पण चालेल.

खुराडं (२९ जुलै, रात्री ९.३०)

आता लॉकडाऊन. हा शब्द आमच्याकडे २०२० च्या आधीपासून आहे. ट्रे कलता करणं बंद. पाण्याची वाटी आता आत ठेवा, आर्द्रता ६५-७०. खाली जाळी किंवा खरखरीत कापड घाला, गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लांचे पाय फाकतात. आणि झाकण उघडायचं नाही. पिल्लाने कवच फोडलं की आतला पापुद्रा ओला राहायला हवा. तुम्ही झाकण उघडलंत की वाफ जाते, पापुद्रा वाळून पिल्लाला घट्ट लपेटतो आणि ते फिरूच शकत नाही.

निवृत्त_पशुवैद्य (३० जुलै, सकाळी १०.००)

धागा उशिरा पाहिला. दोन गोष्टी लिहितो.

अंड्यातून सगळेच रोग येत नाहीत, पण पांढरी हगवण (पुलोरम) आणि मायकोप्लाझ्मा आईकडून अंड्यातून पिल्लात उतरतात. म्हणून परक्या अंड्यांची पिल्लं निदान महिनाभर घरच्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत. आलेला भुसा, कागद, ट्रे जाळून टाकावेत, परत वापरू नयेत. आजूबाजूला बर्ड फ्लूची बातमी असेल तेव्हा तर अंडी मागवूच नयेत. २००६ साली नवापूरला काय झालं ते मी नोकरीत असताना पाहिलं आहे.

लसी: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. ही मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस. १४ व्या दिवशी गंबोरो या रोगाची. आठव्या आठवड्याच्या पुढे आर-टू-बी, तीही राणीखेतचीच. कुपी फोडली की सगळे डोस तास-दोन तासांत संपवावे लागतात, त्यामुळे वाडीतल्या चार घरांनी मिळून आणा. बर्फात आणा, शर्टाच्या खिशात नाही.

पायरीचा_आंबा (१ ऑगस्ट, दुपारी २.२०)

काल रात्रीपासून आतून टकटक ऐकू येतेय. आज सकाळी ८ ला ११ नंबरच्या अंड्यावर चांदणीसारखी भेग पडली, मध्ये तिळाएवढं भोक. भोकातून चोचीचं टोक दिसतं, त्यावर कवच फोडायचा तो पांढरा दाणा. सहा तास झाले, पुढे काही नाही. मधूनच चिवचिव करतं आणि गप्प होतं. बायको चिमटा घेऊन उभी आहे. काय करू?

माई_मालवण (१ ऑगस्ट, दुपारी २.३१)

चिमटो तिच्या हातातून काढून घे.

खुराडं (१ ऑगस्ट, दुपारी २.४०)

माईंना +१. भोक पडल्यावर २४ तास लागले तरी चालतं. ते थांबलेलं नाही, बलक पोटात घेतंय आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त ओढून घेतंय. आत्ता कवच सोललंत तर रक्त येईल. तुम्ही दोघं घराबाहेर जा.

पायरीचा_आंबा (३ ऑगस्ट, रात्री १०.००)

११ निघाली!

पहिलं १ तारखेला रात्री १२ ला. कवचाला गोल चीर पाडत आलं, टोपी उचलल्यासारखा वरचा भाग ढकलला आणि बाहेर पडून तसंच आडवं, ओलं, मेल्यासारखं. तासाभराने मान वर. सकाळी कापूस झालेलं. काळी-निळसर पिल्लं, काहींच्या पाठीवर पुसट पट्टे, पाय शाईत बुडवल्यासारखे. शेवटचं काल दुपारी आलं.

हिशेब: साध्या १५ पैकी ८, 'ह' वाल्या ९ पैकी ३. न निघालेली ४ आज उघडून बघितली (लेकीला बाहेर पाठवून). दोन पूर्ण वाढलेली, चोच एअर सेलमध्ये शिरलेली, पण आत पाणीच पाणी. एकाचं डोकं टोकदार बाजूला होतं. चौथं आधीच कधीतरी गेलेलं.

थर्मोस्टॅट_पुणे (३ ऑगस्ट, रात्री १०.१५)

अभिनंदन! ती दोन बुडाली, पहिल्या आठवड्याची ओल. पुढच्या वेळी कपड्यांची दोरी नसली तर १३.

सिनसिनाटीकर (४ ऑगस्ट, सकाळी ६.१०)

२४ पैकी ११, तेही तीन रात्री बसमधून येऊन. इथे याला पार्टीच म्हणतात.

खुराडं (४ ऑगस्ट, सकाळी ७.००)

मस्त. आता खोक्यात तूस घाला, बल्बखाली पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली गठ्ठा केला तर थंडी, भिंतीला चिकटली तर उकाडा, विखरून लोळली तर बरोबर.

पायरीचा_आंबा (६ ऑगस्ट, रात्री ९.२०)

एक गंमत सांगायची राहिली. परवा आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली! रिकाम्या पाटीत पिसं फुलवून बसली, जवळ गेलं की गुरगुरते. पशुवैद्यकाकांचं वाचून पिल्लं वेगळी ठेवायची ठरवली होती, पण बायकोने काल रात्री दहाला, दिवा न लावता, दोन पिल्लं तिच्या पोटाखाली सरकवली. मला सकाळी कळलं.

निवृत्त_पशुवैद्य (६ ऑगस्ट, रात्री ९.४५)

झालं ते झालं. आता तांबडीला आणि त्या दोघांना बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळं ठेवा. उरलेली नऊ तिच्याकडे देऊ नका.

माई_मालवण (६ ऑगस्ट, रात्री ९.५०)

तांबडेन घेतल्यान काय तेंका?

पायरीचा_आंबा (६ ऑगस्ट, रात्री ९.५८)

घेतलं. सकाळी पंखाखालून दोन काळी डोकी बाहेर, आणि मी हात पुढे केला तर मनगटावर टोचली. अजून दुखतंय.